सुपरमॅनचा पहिला अंक इतका महाग का?

किंमत होती फक्त १० सेंट. १९३८ साली आलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या याच पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली.

अमेरिकी कॉमिक्सचा १९३८ पासून साधारण १९५५ पर्यंतचा काळ ‘गोल्डन एज’ म्हणून ओळखला जातो. संग्राहकांची सर्वाधिक पसंती याच काळाला का?

पहिलं कारण म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन हे सगळे याच काळात जन्मले.

दुसरं कारण आहे रद्दी! तेव्हा कॉमिक्स वाचून फेकून दिली जायची. त्यात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरी जुना कागद गोळा केला गेला आणि असंख्य अंकांचा लगदा झाला. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे २ लाख प्रती छापल्या होत्या. आज जेमतेम शंभरेक उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

याउलट १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती बाजारात आल्या. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी त्या प्लास्टिकमध्ये जपल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे तो अंक आजही स्वस्तात मिळतो.

त्यामुळे गुंतवणूक म्हणून ‘कलेक्टर्स एडिशन’ घेणार असाल, तर आधी विचारा: हे आणखी किती जण जपून ठेवतायत?