पाळणा, लाट आणि परतीची खात्री

मे महिना लागला की मुंबईची आणि पुण्याची भाचरे आमच्याकडे गणपतीपुळ्याला येतात. दिवसभर आंबे, पत्ते आणि समुद्र. रात्री जेवणे उरकली की सगळी ओटीवर जमतात आणि एक वाद हटकून सुरू होतो. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 'नायट्रो' नावाची जी रोलर कोस्टर आहे, तिच्यात पहिल्या बाकावर बसण्यात मजा जास्त की शेवटच्या? पुण्याचा भाचा पहिल्या बाकाचा कैवारी, मुंबईचा शेवटच्या. धाकट्या भाचीला दोन्ही बाके नकोत. तिला गोष्ट सांगणाऱ्या, अंधारातून हळूहळू नेणाऱ्या गाड्या आवडतात. आणि माझी आई कोपऱ्यातून म्हणते, "आमच्या जत्रेतल्या पाळण्याची सर कशालाच नाही." रात्रीचे बारा वाजतात तरी निकाल लागत नाही.

हा पोरखेळ आहे असे मला आधी वाटे. पुढे याविषयी वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की जगभर मोठी माणसेही यावर असेच हमरीतुमरीवर येतात. अमेरिकेत तर रोलर कोस्टरच्या शौकिनांनी 1978 सालीच आपली रीतसर संघटना काढली. लाकडी बांधणी चांगली की पोलादी, उंची महत्त्वाची की वळणे, थरार मोठा की गोष्ट, हे त्यांचे नेहमीचे विषय. म्हणून या वादाचा इतिहास थोडा उलगडून पाहावा म्हणतो.

पुढच्या-मागच्या बाकाचे उत्तर तसे सोपे आहे, आणि आपल्या एसटीने प्रवास करणाऱ्याला ते निराळे सांगायला नको. आरे-वारेच्या घाटीत शेवटच्या बाकावर बसून पाहा, म्हणजे कळेल. कारण मात्र दोन्हीकडे वेगळे आहे. एसटीचा मागचा भाग चाकांच्या पलीकडे लोंबता असतो, म्हणून उडतो. रोलर कोस्टरमध्ये सगळे डबे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे कोणत्याही क्षणी सर्वांचा वेग सारखाच. पण पहिला डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागची बरीचशी गाडी अजून चढावर असते. त्यामुळे तो कड्याच्या टोकाशी क्षणभर रेंगाळतो आणि खालची दरी नीट दिसते. शेवटचा डबा शिखरावर येईपर्यंत पुढचे डबे उताराला लागलेले असतात. ते त्याला ओढूनच नेतात आणि माणूस बाकावरून उचलला जातो. म्हणजे पाहण्याची हौस असेल त्याने पुढे बसावे, उडण्याची असेल त्याने मागे. दोन्ही भाचे आपापल्या जागी बरोबर आहेत.

भाचीचा मुद्दा मात्र जास्त खोल आहे. थरार मोठा की गोष्ट?

रोलर कोस्टरचे मूळ रशियात सापडते. तिथे हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फाचा थर चढवून उंच घसरगुंड्या करीत आणि लोक त्यावरून खाली येत. फ्रेंचांनी ही कल्पना उचलली. 1817 साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्यांच्या अशा घसरगुंड्या सुरू झाल्या. त्यांचे नावच 'रशियन डोंगर' असे होते.

अमेरिकेत हा खेळ कोळशाच्या खाणीतून आला. पेनसिल्व्हेनियातल्या मॉच चंक या गावी 1827 साली डोंगरावरून कोळसा खाली आणण्यासाठी रूळ टाकले. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या वाघिणी खेचरे वर ओढून नेत. खाली येताना ती खेचरेही वाघिणीत बसून येत. पुढे कोळशापेक्षा हौशी प्रवाशांचीच गर्दी वाढली. ते पाहून लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने 1884 साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर लाकडी रुळांची गाडी उभारली. तिचा वेग ताशी सहा मैल, तिकीट पाच सेंट. आज सायकलवाला तिच्या पुढे जाईल. पण लोकांनी रांगा लावल्या.

गंमत पुढे आहे. ज्याला रोलर कोस्टरचा जनक म्हणतात, त्या थॉम्पसनने नंतर वेग वाढवण्याचा नाद केला नाही. त्याने रुळांच्या कडेला रंगवलेले देखावे, बोगदे आणि दिव्यांची आरास उभी केली. थरारापासून सुरुवात केलेला माणूस गोष्टीकडे वळला. भाचीच्या पक्षाचा पहिला मोठा वकील हाच म्हणायचा.

वेगवाल्यांनी तोवर वेगळी वाट धरली होती. कोनी आयलंडलाच 1895 साली गाडी उलटी फिरवणारा पाळणा आला. त्याचा फेरा अगदी वर्तुळाकार होता आणि चूक तिथेच होती. सरळ रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरली की शरीराचा भार एकाएकी अनेक पटींनी वाढतो. बसणाऱ्यांच्या माना दुखावू लागल्या आणि तो पाळणा फार टिकला नाही. उलट्या फेऱ्याचे गणित सुटायला 1976 साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियात जो फेरा उभा राहिला, तो पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा होता, खाली पसरट आणि वर निमुळता. वेर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याचे ते काम. आज जगातल्या रोलर कोस्टरच्या बहुतेक उभ्या फेऱ्यांत थेंबासारखाच आकार वापरात आहे.

आता दुसरी गंमत. वॉल्ट डिस्ने हा तर अंतर्बाह्य गोष्टीचा माणूस. कोनी आयलंडचा गोंगाट आणि गचाळपणा त्याला नको होता. 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यात एकही रोलर कोस्टर नव्हती. पण चारच वर्षांत, 1959 साली, त्याने तिथे आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती उभी केली आणि तिच्या पोटातून घसरत्या गाड्या सोडल्या. त्यांचे रूळ पोलादी नळ्यांचे होते, आणि असे रूळ जगात प्रथमच वापरले गेले. लाकडाला जे वळण देता येत नाही ते नळीला देता येते. पुढे आलेले सगळे उलटेसुलटे फेरे या नळीमुळे शक्य झाले. म्हणजे थरारवाल्याने गोष्ट आणली आणि गोष्टवाल्याने थराराला पोलाद पुरवले. स्टॉकहोमला तर एकाच बेटावर दोन्ही शेजारी नांदतात. ग्रोना लुंड हे पाळण्यांचे उद्यान 1883 सालचे. स्कान्सेन 1891 सालचे. तिथे आर्तुर हाझेलियस याने स्वीडनच्या खेड्यापाड्यांतली जुनी घरे आणून मांडली. दोन्ही आजही चालू आहेत.

आपल्याकडे काय झाले? जत्रेतला पाळणा फार जुना. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1620 साली तुर्की साम्राज्यातून जाताना हाताने फिरवायचे पाळणे पाहिले आणि त्यांचे चित्र काढून ठेवले. आपल्या जत्रांतला चार खोक्यांचा लाकडी पाळणा त्याच कुळातला. तो फिरवणारा माणूस स्वतः दांड्याला लोंबकळून त्याला गती द्यायचा. आईला आठवतो तो हाच. दिल्लीला 1984 साली अप्पू घर उघडले. 1982 च्या आशियाई खेळांचा शुभंकर अप्पू हत्ती, त्याच्यावरून ते नाव पडले. ते 2008 साली बंद झाले. मुंबईजवळ गोराईला 1989 साली एस्सेलवर्ल्ड आले. बोटीने खाडी ओलांडून तिथे जाणे हा त्या काळी मुलांच्या सुटीतला मानाचा दिवस असे. तेही आता बंद आहे. कोलकात्याच्या निको पार्कात 2003 सालापासून 'सायक्लोन' ही लाकडी रोलर कोस्टर आहे. लाकूडवाल्यांना ती तीर्थक्षेत्रासारखी. आणि 2013 साली इमॅजिका उघडले. तिथल्या नायट्रोची उंची 132 फूट आणि तिला पाच उलटे फेरे. पायाखाली फळीसुद्धा नाही, पाय अधांतरी.

गोष्टीचा पक्षही आपल्याकडे कमजोर नाही. शिर्डीला साईतीर्थ नावाचे भक्तिपर उद्यान आहे. आणि आमच्या गणपतीपुळ्यात देवळापासून किलोमीटरभर अंतरावर 'प्राचीन कोकण' आहे. डोंगरउतारावर बारा बलुतेदार, खोताचे घर, जुन्या कोकणातले रोजचे जगणे माणसाएवढ्या पुतळ्यांतून मांडले आहे. पाळणा नाही, वेग नाही. भाचीला घेऊन गेलो तेव्हा ती तासभर तिथेच रमली. भाचे दहा मिनिटांत बाहेर येऊन उसाचा रस पीत बसले. म्हणजे वाद घरी होता तसाच राहिला.

पण या सगळ्या वाचनात एक गोष्ट मला सापडली, जी ओटीवरच्या वादात कोणीच बोलत नव्हते. रोलर कोस्टर चढावर असताना कटकट असा आवाज येतो. माणसाला वाटते, भीती वाढवण्यासाठीच तो ठेवला आहे. तसे नाही. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून रुळाच्या दातांवर पडत जाणाऱ्या खिट्टीचा तो आवाज आहे. जॉन मिलर या अमेरिकी कारागिराने 1919 साली रुळाच्या खालच्या बाजूनेही चाके बसवण्याची युक्ती केली. वर, बाजूला आणि खाली अशी तिन्ही बाजूंनी चाके रुळाला धरून राहिली. गाडी उडाली तरी रूळ सुटेना. त्यानंतरच उतार इतके खडे करता आले. आधी पकड आली, मग थरार वाढला. हा क्रम उलटा कधीच नव्हता. जिथे पकडीकडे दुर्लक्ष होते, तिथे काय होते हे अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी 14 जुलै 2019 रोजी दिसले. झोके घेणारा मोठा पाळणा मोडून पडला आणि दोन माणसे जिवाला मुकली.

म्हणून मला वाटते, रोलर कोस्टरचा इतिहास हा खरे तर परत येण्याच्या खात्रीचा इतिहास आहे. माणूस किंचाळतो, कारण आपण परत येणार हे त्याला आतून ठाऊक असते.

आता मी आमच्या गावाकडे येतो. गणपतीपुळ्याला पाळण्यांचे मोठे उद्यान नाही. ते असावे की नसावे यावर चहाच्या टपरीवर बोलणे होते. कोणी म्हणतो, चार पोरांना काम मिळेल. कोणी म्हणतो, देवाच्या दारात कसला धांगडधिंगा. पण इथे एक थरार आधीपासूनच आहे, आणि तो फुकट आहे. देवळाच्या पायरीपासून चार पावलांवर समुद्र. आमचा किनारा दिसायला गोजिरा, पण पाण्याखाली वाळू एकदम उतरते, खड्डे पडतात आणि परतणारी लाट माणसाला आत ओढते. फलक लावले आहेत. जीवरक्षक शिट्ट्या वाजवतात. तरीही सुटीच्या दिवसांत इथे माणसे बुडाल्याची बातमी आली नाही असे वर्ष मला आठवत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याचा भाचा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. एक लाट आली, ती परत गेली आणि भाचा तिच्याबरोबर गेला. गावातल्या एका होडीवाल्याने दोर टाकला म्हणून तो वाचला. वाळूवर आणला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याच्या आईला काय सांगायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते.

याच मुलाला त्याआधी मी नायट्रोवर बसताना पाहिले होते. गाडी सुटण्यापूर्वी त्याने खांद्यावरचा लोखंडी दांडा तीन वेळा ओढून पाहिला. शेजारच्या अनोळखी मुलाचाही पाहिला. तिथे तो इतका काळजीपूर्वक वागला, कारण यंत्र उघडउघड भीतिदायक होते. समुद्र तसा दिसत नाही. सुटीच्या दुपारी तो घरच्यासारखा वाटतो. दांडा नाही, खिट्टीचा आवाज नाही, तिकीट फाडणारा नाही, म्हणून धोकाही नाही, असे आपण समजून चालतो.

आमचा गणपती ज्या टेकडीखाली बसला आहे, ती टेकडीच देव मानतात. म्हणून प्रदक्षिणा सगळ्या टेकडीला घालायची. साधारण किलोमीटरभराची वाट, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. निघालो तिथेच परत येतो. आई ती वाट अजून काठी टेकत चालते आणि दर वेळी परत आल्यावर दाराशी हात जोडते.

यंदाच्या मे महिन्यात भाचरांनी मला निकाल द्यायला सांगितले. मी म्हणालो, बाक तुमचे तुम्ही निवडा, पुढचे किंवा मागचे. गोष्ट ऐका नाहीतर उलटे लटका. पण पाण्यात उतरण्याआधी जीवरक्षकाला विचारायचे आणि गुडघ्याच्या पुढे जायचे नाही. मुंबईच्या भाच्याने कुरकुर केली. पुण्याचा भाचा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर तोच सगळ्यांच्या पुढे वाळूत उभा होता आणि धाकट्यांना ओरडून मागे घेत होता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)