कादंबरीतला जंत

आमच्या आजीच्या वैद्यकात जगातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ जंत आणि त्या सगळ्यांवर उतारा एरंडेल. त्यामुळे संगणकालाही जंत होतात हे ऐकून मला आश्चर्य कमी आणि त्या यंत्राविषयी सहानुभूतीच जास्त वाटली. नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. हा जंत आधी कादंबरीत झाला!

१९७५ साली जॉन ब्रूनर या इंग्रज लेखकाने 'द शॉकवेव्ह रायडर' नावाची विज्ञानकादंबरी लिहिली. तिचा फरारी नायक संगणकांच्या जाळ्यात 'टेपवर्म', म्हणजे चक्क पट्टकृमी सोडतो. तो कुणाला मारता येत नाही आणि सरकारने दडवलेली गुपितं तो चव्हाट्यावर आणतो. कादंबरीकाराचं काय जातं म्हणा, कागदावर काहीही सोडता येतं! पण कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात, जॉन शॉख आणि जॉन हप या दोघांनी खरोखरीच जंत पाळले, आणि नावही ब्रूनरवरून ठेवलं.

हे जंत बिचारे सालस. रात्री रिकामी बसलेली यंत्रं कामाला लावायची, एवढंच. पण एका रात्री एक प्रत बिघडली. सकाळी बघतात तो डझनावारी यंत्रं आडवी! उठवून बसवावं तर पुन्हा आडवी. त्यात काही यंत्रं नेमकी कुलूपबंद खोल्यांत. (किल्लीवाला कुठल्याही देशात वेळेवर सापडत नाही.) शेवटी आधीच योजून ठेवलेला 'सगळे थांबा' हा हुकूम सोडला, तेव्हा जंत मेला, मागे शंभरेक निपचित यंत्रं. १९८२ च्या निबंधात हे सांगताना त्यांनाही ब्रूनरच आठवला.

पुढे २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर जंत सोडला. वडील कोण? तर अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रातले मोठे शास्त्रज्ञ! असला योगायोग कादंबरीत घातला असता तर संपादकाने लाल शाईने काटला असता. या जंताला शिकवण होती, आपला भाऊबंद आधीच येऊन बसला असेल तर एकाने उठावं. पण कुणी 'आहे' अशी थाप मारली तर? म्हणून सातांतल्या एकाने मुळीच उठायचं नाही. झालं! पाहुण्यांवर पाहुणे चढले आणि ६,००० यंत्रं गुदमरली, असा अंदाज सांगतात. ब्रूनरला केवढं कारस्थान सुचलं, पण हा सातचा हिशेब काही सुचला नाही.

मॉरिसच्या एका मित्राने क्षमा आणि उपाय असा निनावी निरोप धाडला होता. तो वेळेवर पोचलाच नाही. जंताने वाट तुंबवली होती.