मृतदेह गावी न्यायचा असल्यास वाहनाची व्यवस्था कशी करावी?

मुंबई-पुण्यात मृत्यू झाला आणि अंत्यसंस्कार गावी करायचे ठरले, की कुटुंबाची धावपळ सुरू होते. अशा वेळी गाडीआधी कागद हातात घ्यावेत.

कोणते कागद लागतात?
रुग्णालयात मृत्यू झाल्यास डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणारे डॉक्टर ते देतात. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर पोलीस पंचनामा व शवविच्छेदन झाल्याशिवाय मृतदेह हलवता येत नाही. कागदांच्या दोन-तीन झेरॉक्स आणि मृताचे आधार कार्ड जवळ ठेवावे. वाटेत पोलिसांनी विचारल्यास आणि गावच्या स्मशानभूमीत ते दाखवावे लागू शकतात.

गाडी कोणती?
१०८ ही तातडीच्या रुग्णांसाठीची सेवा आहे, मृतदेह नेण्यासाठी नाही. त्यासाठी शववाहिका लागते. महापालिका, रुग्णालये, सामाजिक संस्था आणि खासगी चालक ती पुरवतात. भाडे ठरवताना पुढील गोष्टी आधीच विचाराव्यात:

• भाडे एकेरी की परतीसह?
• टोल आणि थांबण्याचे पैसे वेगळे का?
• गाडीत शीतपेटी आहे का?
• सोबत किती जण बसू शकतात?

प्रवास लांबचा असेल किंवा नातेवाइकांची वाट पाहायची असेल, तर शीतपेटी हवीच. विमानाने न्यायचे असल्यास मृतदेह मालवाहतूक विभागातून जातो. त्यासाठी एम्बामिंग, म्हणजे मृतदेह टिकवण्याची रासायनिक प्रक्रिया, त्याचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा ना हरकत दाखला लागतो.

घरच्यांचा प्रवास
शववाहिकेत एक-दोन जवळचे नातेवाईक बसतात. बाकीच्यांसाठी वेगळी गाडी करावी. रात्रभर जागलेल्या, दुःखात असलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवू नये. चालकाशी आणि गावाकडच्या मंडळींशी एकानेच फोनवर बोलावे, म्हणजे पोहोचण्याची वेळ सर्वांना एकच कळते.

बिल बाकी असेल तर?
राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेनुसार बिल थकले म्हणून रुग्णालय मृतदेह अडवून ठेवू शकत नाही.

मृत्यूची नोंद कुठे?
इथे अनेकांची चूक होते. अंत्यसंस्कार गावी झाले, तरी नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. रुग्णालयातील मृत्यू रुग्णालय कळवते, घरातील मृत्यू घरच्यांनी कळवावा लागतो. विमा, पेन्शन, बँक आणि वारस नोंदीसाठी हाच दाखला लागतो. म्हणून शहर सोडण्यापूर्वी अर्जात मृताचे नाव अचूक लिहिले आहे ना, हे तपासावे.