‘लॉरिएट’ : एका पानाची गोष्ट

नोबेल जाहीर झाले की वर्तमानपत्रांत ‘नोबेल लॉरिएट’ हे शब्द दिसू लागतात. आपण त्याला ‘पुरस्कारविजेता’ म्हणून मोकळे होतो. पण मूळ शब्दात ना पदक आहे, ना रक्कम. आहे ते फक्त एका झाडाचे पान.

लॅटिनमध्ये ‘लॉरस’ म्हणजे लॉरेलचे झाड. आपल्या बिर्याणीतल्या तमालपत्राचा हा भूमध्य सागराकाठचा भाऊबंद. ग्रीकांनी हे झाड अपोलो देवाचे मानले. रोममध्ये विजयी सेनापती त्याच्या पानांचा मुकुट घालून मिरवत. असा मुकुट घातलेला तो ‘लॉरिएटस’.

१३४१ मध्ये रोमच्या कॅपिटोल टेकडीवर हा मुकुट पेट्रार्क या कवीच्या डोक्यावर ठेवला गेला. सेनापतीचा मान कवीला मिळाला. त्याच शतकात चॉसरने पेट्रार्कसाठी हा शब्द इंग्रजीत वापरला.

इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये जॉन ड्रायडनला ‘पोएट लॉरिएट’ नेमले. पुढे ड्रायडन कॅथलिक झाला. १६८८ च्या क्रांतीनंतर नव्या राजवटीची शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि त्याचे पद गेले. लेखणी मात्र थांबली नाही. १६९७ मध्ये त्याने केलेले व्हर्जिलचे भाषांतर प्रसिद्ध झाले.

१९०१ पासून नोबेल दिले जाऊ लागले. पानांच्या जागी पदक आले, शब्द तोच राहिला.

या शब्दाची एक आठवण मला सलते. अब्दुस सलाम यांना १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. ते अहमदिया पंथाचे. पाकिस्तानने १९७४ मध्येच घटनादुरुस्ती करून या पंथाला गैरमुस्लिम ठरवले होते. १९९६ मध्ये सलाम वारले. रबवा येथे त्यांच्या कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल लॉरिएट’ असे लिहिले होते. त्यातला ‘मुस्लिम’ हा शब्द पुसला गेला. ‘लॉरिएट’ तेवढा उरला. परक्यांनी दिलेला मान दगडावर राहिला, आपल्यांनी मात्र आपलेपणही नाकारले. हे आठवले की माझी मान खाली जाते.

म्हणून मला ‘विजेता’पेक्षा आपला ‘मानकरी’ हा शब्द बरा वाटतो. विजय ज्याचा त्याचा असतो. मान लोक देतात, आणि तो राखण्याची जबाबदारीही लोकांचीच असते.