देव, शत्रू आणि शेजारी : शिराळ्याच्या नागापासून कात्रजच्या सर्पोद्यानापर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/ कोल्हापूरच्या उत्तरेस वारणा ओलांडली की मोरणा नदीच्या काठी शिराळा लागते. भोवतालच्या ३२ गावांमुळे त्यास 'बत्तीस शिराळा' म्हणतात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे; तथापि गावाची कीर्ती देशोदेशी पोहोचली ती नागपंचमीमुळे. सापाकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी बदलत गेली, याचा हा मागोवा.

२/ आख्यायिका अशी : गोरखनाथ भिक्षेसाठी एका घरी आले, तेव्हा गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. 'जिवंत नागाची पूजा करशील का?' असे त्यांनी विचारले आणि तिने होकार दिला. तेव्हापासून येथे जिवंत नाग पुजला जाऊ लागला, अशी गावाची श्रद्धा आहे.

३/ सणाच्या आधी तरुणांचे गट रानोमाळ हिंडून नाग पकडत. बीळ कोणाचे, माग ताजा की शिळा, हे जाणकार सहज ओळखत. नाग मडक्यांत ठेवले जात. पंचमीला अंबामातेचे दर्शन, मिरवणूक, सर्वांत उंच फणा काढणाऱ्या नागाची स्पर्धा. आणि मग जेथून आणले तेथे त्यांना सोडून देणे, असा क्रम असे.

४/ सह्याद्रीच्या पलीकडे चित्र नेमके उलटे होते. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट असल्याने इंग्रज सरकारने प्रत्येक मेलेल्या सापामागे बक्षीस लावले. १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे! एका घाटाच्या अंतरावर साप एकीकडे देव होता, तर दुसरीकडे इनामाचा शत्रू.

५/ तिसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली. १८९५ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषावर लस तयार केली. तत्त्व सोपे होते : घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवत वाढवत द्यायची आणि त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये वेगळी काढायची. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही हे कार्य चालले.

६/ येथे एक मर्म ध्यानी घेतले पाहिजे. लस करण्यासाठी विष हवे आणि विषासाठी जिवंत साप हवा. म्हणजे ज्या जिवाला ठेचण्यासाठी सरकारने पैसे मोजले, तोच जीव माणसाचे प्राण वाचवण्यासाठी अपरिहार्य ठरला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर मिळून आज एकच लस दिली जाते.

७/ स्वातंत्र्योत्तर काळात आणखी एक पाऊल पडले. १९६९ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ देशातील पहिले सर्पोद्यान उभारले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला. साप आता केवळ पूजेचा किंवा भयाचा विषय न राहता कायद्याने रक्षिलेला वन्यजीव झाला.

८/ महाराष्ट्रात ही चळवळ घरोघरी पोहोचली ती नीलिमकुमार खैरे यांच्यामुळे. १९८० मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांसह काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना डोळ्यांनी दाखवायचे होते. १९८६ मध्ये पुणे महानगरपालिकेने कात्रजला सर्पोद्यान सुरू केले आणि त्याची धुरा खैरे यांनी वाहिली.

९/ १९९९ मध्ये पेशवे उद्यानातील प्राणी कात्रजला आले आणि त्यास राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचे व्यापक रूप लाभले. २०१६ मध्ये दक्षिण महाराष्ट्र व गोव्याच्या घाटांतील एका बिनविषारी सापाला शास्त्रज्ञांनी 'मेलानोफिडियम खैरेई' असे नाव दिले. सर्पमित्राचे नाव सापालाच मिळावे, याहून उचित गौरव कोणता?

१०/ सर्पोद्यानाचे खरे मोल काचेपलीकडच्या पाटीत असते. धामण बिनविषारी आहे, ती उंदीर फस्त करते, साप दूध पीत नाही, तो पुंगीच्या सुरावर नव्हे तर तिच्या हालचालीवर डोलतो : या चार गोष्टी समजलेले मूल पुढे ऊसाच्या फडात धामण दिसली म्हणून काठी उगारत नाही.

११/ आणि शिराळा? २००२ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. पुढे न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांचे खेळ, स्पर्धा व मिरवणुका थांबल्या आणि गाव प्रतिमापूजेकडे वळले. आख्यायिकेत जो मातीचा नाग मागे पडला होता, तोच कायद्याच्या हातून परत आला.

१२/ गावाची खंत मात्र पोकळ नव्हती. मिरवणुकीबरोबर माग काढण्याची, नाग न दुखावता धरण्याची पिढीजात विद्याही लोपू लागली. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक हेतूने २१ नाग पकडण्यास परवानगी दिली. उत्सवाचा नाग आणि अभ्यासाचा नाग यांतील सीमारेषा कोठे आखायची, हा प्रश्न अजून जिवंत आहे.

१३/ हा प्रश्न निव्वळ भावनेचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत बहुसंख्य ग्रामीण भागातील. नुसती पूजा या माणसांना वाचवू शकत नाही आणि सरसकट सर्पहत्याही नाही.

१४/ त्यांना वाचवतात पायांतले बूट, रात्रीची बॅटरी, मांत्रिकाऐवजी गाठलेले रुग्णालय आणि वेळेत मिळालेली लस. शिराळ्याच्या जाणकारांना नागाचे बीळ ठाऊक होते, हाफकिनला त्याचे विष आणि कात्रजला त्याचा स्वभाव. ही तिन्ही ज्ञाने एकत्र नांदतील, तेव्हाच साप खऱ्या अर्थाने आपला शेजारी होईल.

#इतिहास #नागपंचमी #सह्याद्री