नो वन नोज अबाउट पर्शियन कॅट्स

तेहरानमधील भूमिगत संगीतकारांवरील इराणी स्वतंत्र चित्रपट (२००९). दिग्दर्शक बहमन गोबादी (जन्म १९६९). मूळ भाषा फार्सी.

पार्श्वभूमी : १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये (पहा : इराणी क्रांती) ध्वनिमुद्रण व जाहीर कार्यक्रमांसाठी संस्कृती व इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाची परवानगी बंधनकारक झाली. पुरुष श्रोत्यांसमोर स्त्रियांच्या एकलगायनावर बंदी आली. रॉक व रॅप संगीत त्यामुळे बहुतांशी तळघरांत राहिले. या चित्रपटाचे चित्रीकरणही शासकीय परवान्याविना, लहान डिजिटल कॅमेऱ्याने सुमारे १७ दिवसांत झाले. पटकथालेखनात पत्रकार रोक्साना साबेरी यांचा सहभाग होता.

कथानक व वैशिष्ट्ये : तुरुंगातून सुटलेले नेगार व अश्कान वाद्यवृंद जमवून परदेशी जाऊ पाहतात, नादेर हा मध्यस्थ त्यांच्यासाठी पारपत्र व व्हिसाची खटपट करतो. एक मेटल वाद्यवृंद गोठ्यात गाईंच्या सान्निध्यात सराव करतो. दुसरा गच्चीवरील खोलीत. नेगार शघाघी, अश्कान कोशानेजाद, रॅपर हिचकास आदी संगीतकार स्वतःच्याच भूमिकांत आहेत; नादेरची भूमिका हामेद बेहदाद या व्यावसायिक अभिनेत्याने केली आहे. कथाचित्र व अनुबोधपट (पहा : अनुबोधपट) यांचे मिश्रण आणि गाण्यांवर जुळवलेली शहरदृश्ये ही शैलीची अंगे होत.

महत्त्व : कान महोत्सवात (२००९) ‘अं सेर्तेन रगार’ विभागात परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. इराणी तरुणांचे परवान्याबाहेरील संगीत त्यामुळे जागतिक प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. चित्रपटानंतर गोबादी व दोन्ही प्रमुख कलावंतांनी देश सोडला. (पहा : अभ्यवेक्षण, इराणी चित्रपट).