गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तोल मोजण्याचा इतिहास

गुडघ्याच्या अस्थिबंधांची शस्त्रक्रिया जुनी आहे. हालचालीतला तोल मोजण्याची रीत त्यामानाने अलीकडची. 1895 मध्ये लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे तुटलेले क्रूसिएट अस्थिबंध शिवले. पुढे बराच काळ मुख्य लक्ष सांध्याच्या घट्टपणाकडेच राहिले. 1965 मध्ये फ्रीमन यांनी घोट्याच्या दुखापतींवरून मांडले, की सांध्याची जाणीव मंदावल्यानेही पाय डळमळतो.



1990च्या दशकात ‘स्टार एक्सकर्शन’ चाचणी आली. तिच्यात एका पायावर उभे राहून दुसरा पाय आठ दिशांना शक्य तितका लांब न्यायचा असतो. पुढे तीनच दिशा ठेवून ‘वाय बॅलन्स’ चाचणी झाली: समोर, मागे-आत आणि मागे-बाहेर. अंतराला पायाच्या लांबीने भागून टक्केवारी काढतात. त्यामुळे उंच आणि ठेंगण्या रुग्णांची तुलना करता येते. 2006 मध्ये प्लिस्की व सहकाऱ्यांना बास्केटबॉलपटूंत आढळले, की समोरच्या दिशेत दोन पायांत 4 सेंटिमीटरहून अधिक फरक असल्यास दुखापतीचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्याचा निर्णय मात्र या आकड्यांबरोबर मांडीची ताकद आणि एकपायी उडीची चाचणी पाहून घेतला जातो.